धरलेलं मुद्दल

दुकानासमोर हातगाडी अडली. पुढं टांग्याचं चाक गटारीत उतरलं होतं आणि रस्ता मोकळा होईना. मी पायरीवर बसून बघत होतो. हल्ली गिऱ्हाईक असो नसो, मी पायरीवरच बसतो. आत बायकोची बसायची जागा आहे. गाडीवर एक माग सोडवून घातला होता. लोखंडी चौकट, दातेरी चाकं, पट्टा, आणि सगळ्यांवर सुतळीनं बांधलेला एक लाकडी दांडा. दांड्याला हळदीकुंकू लावलेलं होतं आणि त्याच्या मधोमध हिरव्या बांगडीचा तुकडा लाखेनं चिकटवला होता. तो तुकडा मी ओळखला. माझ्या बायकोच्या बांगडीचा होता. हा माग बसवला त्या दिवशी चौकट ढकलायला तीही लागली होती, तेव्हा बांगडी फुटली. मला ते बरं वाटलं नव्हतं, पण मागाची मालकीण रंभाबाई म्हणाली होती, "मागानं सवाष्णीची बांगडी मागून घेतली. आता कुरकुरायचा न्हाय." आणि तुकडा चिकटवून टाकला होता.

"कुणाचा माग?" मी विचारलं. माहीत असताना विचारलं.

"करकंबच्या रंभाबाईचा की," गाडीवाला कोंडीबा म्हणाला. तो डोक्याला बांधलेल्या पंच्यानं मान पुसत होता. "इकला तिनं. सूतवाल्या शेटचं देणं भागवलं म्हनं एकदाचं."

"सगळं?"

"मला काय हिशेब दावलाय व्हय तिनं? लई वजन हाय अण्णा. बसून इचारताय, त्यापरास हात लावा की जरा."

मी उठलो नाही. टांगा निघाला, गाडी निघाली. दातेरी चाकं एकमेकांवर आपटत बाळीवेशीकडं गेली. मला वाटलं, आता हे तिला सांगायला पाहिजे. तिला म्हणजे बायकोला. अजून असंच होतं. काही बघितलं की आधी आत वळायचं आणि मग आठवायचं. ती आषाढात गेली. कावीळ झाली होती. शेवटी शेवटी मराठी सोडून नुसतं कानडीतच बोलायची, लहानपणी अक्कलकोटला बोलायची तसं. मलाही कानडी येतं, पण आमचं घरातलं बोलणं सगळं मिसळलेलं, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. नुसती कानडी बोलायला लागली तेव्हा मला वाटलं, ही आता माहेरी निघाली. माझ्याशी शेवटचं नीट बोलली ते एवढंच, "अमवाशीगि होगि बर्री." अमावास्येला जाऊन या. मी हो म्हणालो. कुठं आणि कशाला ते मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि समजणं यात फरक आहे, तो मला तेव्हा कळला नव्हता.

सांगायचं तर गोष्ट साधी होती, आणि तिच्या तोंडून ऐकली की साधीच वाटायची. आमचं घोंगड्यांचं दुकान. मालासाठी आमच्या समाजाच्या पतपेढीचं कर्ज, त्याचा व्याजदर ठरलेला. बाजारात काहीही होवो, तेवढंच व्याज. रंभाबाईच्या घरात तीन माग, तिला सूत उधार मिळायचं सूतवाल्या शेटच्या पेढीवर. तिथला दर ठरलेला नव्हता. दर अमावास्येला शेट गादीवर बसून पुढच्या महिन्याचा दर सांगायचा. कधी उतरायचा, कधी चढायचा. रंभाबाईचा नवरा रामहरी आधी गिरणीत होता, कापसाच्या धुळीनं छाती गेली म्हणून घरी बसलेला. तो म्हणायचा, "आमच्या घरात अमुशा म्हंजी परीक्षाच. बायको जाती पेढीवर आन् मी हितं मोडून पडतो." अमावास्या जवळ आली की रंभाबाईला झोप यायची नाही. माझी बायको दर अमावास्येला सिद्धेश्वराला जायची आणि रंभाबाई पेढीवरून परत येताना देवळात यायची. तळ्याच्या कठड्याशी दोघींची गाठ पडायची. तिथंच कधीतरी हे निघालं. बायको घरी येऊन मला म्हणाली, "मी रंभाबाईचा दर घेतला ओ. आपला तिला दिला."

मी म्हणालो, "म्हणजे तिचं कर्ज घेतलं?"

"कर्ज कशाला घेऊ? तिचं कर्ज तिच्या नावावर, आपलं आपल्या. पतपेढी तिला आपल्या समाजातली म्हणणार नाही, आणि शेट आपल्याला सूत देणार नाही, आपल्याकडं माग कुठायत? नुसतं व्याज बदललं. तिनं आपला बांधलेला दर द्यायचा, मी तिचा फिरता दर द्यायचा."

"किती रकमेवर?"

"एक रक्कम धरली. तिचं देणं मोठं, आपलं लहान. दोघींना झेपेल एवढी धरली."

"आणि ती रक्कम कुणी कुणाला दिली?"

"कुणी नाही."

"मग आहे कुठं?"

"कुठं नाही. धरली आहे म्हणते ना. मोजायला नको का काहीतरी?" आणि ती हसली. "तुम्ही घोंगडं मोजता तेव्हा हात धरता की नाही? हात काय घोंगड्यात जातो?"

मी तेव्हा चिडलो होतो. जी रक्कम नाही तिच्यावर व्याज द्यायचं, हे मला आजारपणासारखं वाटलं. ती म्हणाली, सगळं व्याजही द्यायचं नाही, अमावास्येला दोन्ही दर समोरासमोर ठेवायचे आणि फरक तेवढा द्यायचा. फिरता दर वर गेला तर तिनं रंभाबाईला द्यायचा. खाली आला तर रंभाबाईनं तिला. मुदत दोन दिवाळ्यांची. हे शब्द ती भाजीच्या भावासारखे बोलायची. धरलेलं, बांधलेला, फिरता, फरक, मुदत. मला ते शब्द सगळे पाठ झाले. आता ती नाही आणि शब्द घरात आहेत. तिचे डबे आहेत तसे. कुठल्या डब्यात काय ते मला माहीत आहे. त्यातून स्वयंपाक मात्र होत नाही.

असं का केलंस, हे मी तिला बरेचदा विचारलं. ती दर वेळी वेगळं सांगायची. एकदा म्हणाली, दुष्काळ संपलाय, पाऊस झालाय, दर उतरणार, आपला फायदा आहे. आणि खरंच त्या थंडीत दर उतरला, रंभाबाईनं तीन-चार अमावास्या फरक आणून दिला. बायकोनं तो मला दाखवलासुद्धा. मग एकदा म्हणाली, आपण काही झालं तरी निजतो, ती निजत नाही. निजणाऱ्यानं फिरता दर घ्यावा. मला वाटतं हेच खरं असावं. पण ती फायद्याचं म्हणाली तेही खोटं नव्हतं. ती दोन्ही एकदम म्हणू शकायची, आणि माझं डोकं एका वेळी एकच धरतं. उन्हाळ्यात बाजारातला पैसा आटला, दर चढायला लागला तो उतरेच ना. सांगोल्याकडची मेंढरं दुष्काळात मेलेली, लोकर नाही, दुकानात माल थोडा. मी म्हणालो, आता पुरे, सांग तिला. ती म्हणाली, "घेताना हात लांब केला तेव्हा लाजले नव्हते." आणि कमरेच्या पिशवीत फरक घालून सिद्धेश्वराला गेली.

मग ती आजारी पडली आणि गेली. आमच्यात बसवून पुरतात. मी माती दिली. रंभाबाई आली होती, बायकांच्या मागं उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही. आमच्यात सुतक धरत नाहीत. माणूस शिवाकडं गेला तर त्याचा विटाळ कसला, असं आमचे लोक म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तरी चालतं. पण माझ्यानं उघडवेना. फळी काढायला हात लावायचा आणि खाली बसायचं, असं चाललं होतं. तशातच अमावास्या आली. मी आंघोळ केली, शेटच्या पेढीवर जाऊन दर विचारून आलो, फरक काढला, चुकला असेल म्हणून पुन्हा काढला, रुमालात बांधला आणि देवळात गेलो. कठड्याजवळ बसलो. गर्दी होती, लोक ओल्या पायांनी जात-येत होते. तळ्यातलं पाणी हिरवं झालं होतं. मी प्रत्येक बाईकडं बघत होतो आणि मला लाज वाटत होती, कारण कोण म्हणेल हा नुकता विधुर झाला आणि बायका बघत बसलाय. रंभाबाई आली नाही. देवळातली आरती झाली, पोरं फुगे फोडून घरी गेली, ती आली नाही.

मी घरी येऊन विचार केला. तिचा करार माझ्याशी नव्हता. बायकोशी होता. समोरचं माणूसच गेलं, म्हणून तिनं संपला असं धरलं असेल. आणि ते तिनं माझ्यावर दया करून धरलं असेल, दर चढलेला असताना फरक घ्यायला आली नाही ती. मला वाईट वाटलं. थोडं हलकंही वाटलं, हेही खरं. पुढच्या अमावास्येला, पोळ्याच्या, मी गेलो नाही. दिवसभर आतल्या खोलीत पडून होतो. बाहेर बैल सजवून नेत होते, घुंगरं वाजत होती. ती म्हणाली होती जाऊन या, मी एकदा जाऊन आलो होतो. एकदा की दर वेळी, हे तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं. आता भाद्रपद निम्मा झाला होता आणि माग हातगाडीवरून गेला होता.

मी दुकान तसंच टाकून रंभाबाईकडं गेलो. वाटेत पेढीवर पोळ्याचा दर विचारला आणि तोही फरक रुमालात बांधला. त्या गल्लीत एरवी मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण वीज गेली होती. सगळी गल्ली गप्प होती, आणि बायका दारात बसून एकमेकींशी हळू बोलत होत्या, सवय नसल्यासारखं. रंभाबाई दारातच होती. मला बघून उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. मी मागोमाग गेलो. खोलीत दोन माग भिंतीला लागून उभे होते. तिसऱ्याची जागा झाडून काढली होती. तिथं तिनं घोंगडं अंथरलं. बसायला दुसरी जागाच नव्हती.

"बसा अण्णा," ती म्हणाली.

रामहरी खाटेवर होता. उठून बसायला लागला, मी नको म्हणालो. "बसू द्या हो," तो म्हणाला, "पडून पडून मीबी धरलेलाच झालोय. असून नसल्यागत." आणि स्वतःच हसला, मग खोकला आला.

मी रुमाल पुढं ठेवला. म्हणालो, "दोन्ही अमावास्यांचा आहे. माग विकायच्या आधी मला निरोप द्यायचा होता."

रंभाबाईनं रुमालाकडं बघितलं नाही. "निरोप कसा द्यावा?" ती म्हणाली. "पैल्या अमुशाला तुमचं दुकान बंद. म्हनलं सुतक. सुतकाच्या घरातनं पैका कोन घेतं? घेऊ न्हाय आन् मागूबी न्हाय. म्हनून त्या टायमाला देवळात आलीच न्हाय."

"आमच्यात सुतक नसतं," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. "नसतं?"

"नसतं. दुकान सुतकामुळं बंद नव्हतं. मी देवळात होतो. कठड्याजवळ. आरतीपर्यंत."

तिनं शेजारच्या मागाच्या दांड्यावर हात टेकला. नंतर म्हणाली, "मी पोळ्याला आली होती. म्हनलं आता झालं की समदं, येतील. बसली. पाय भरून आलं. तुमी आला न्हाय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. "घरी यून म्हनलं ह्यांस्नी, अण्णांनी मोडलं बगा. हे म्हनले, अण्णा तसं न्हाईत. मी म्हनलं तसं नसू द्यात, पर माणूस मेल्यावर समदं बदलतंय. मंग शेट थांबंना. एका अमुशाचं याज ऱ्हायलं, दुसरीचंबी ऱ्हायलं. म्हनला माग इकून पैका दे न्हायतर सूत बंद. इकला की."

दोघंही देवळात गेलो होतो, दोघंही बसलो होतो. एवढ्या वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना किती काय सांगितलं असेल, पण आमच्यात सुतक नसतं हे कधी बोलण्यात आलं नसेल. कोण कशाला बोलेल? तोपर्यंत कुणी मेलं नव्हतं. मला वाटलं आता तरी करायचं ते नीट करावं. मी म्हणालो, "झालं ते झालं. मुदत अजून आहे. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, आणि पुढच्या दिवाळीच्या पाडव्यापर्यंत. मी दर अमावास्येला फरक देईन."

"कशाचा फरक?" ती म्हणाली. "माझं कर्जच न्हाय आता. भागवलं."

"कर्ज नसलं तरी चालतं. रक्कम नुसती धरलेली आहे. मुद्दल कधी कुणी दिलंच नव्हतं, म्हणून ते फिटतही नाही. तुमचं शेटचं देणं वेगळं आणि हे वेगळं." मी बायकोचेच शब्द बोलत होतो. घोंगडं मोजताना धरलेल्या हाताचंही सांगितलं. पण माझ्या तोंडी ते पाठांतर वाटत होतं आणि माझं मलाच पटेना. खरंच तसं होतं का? देणं फिटल्यावरही फरक चालू राहतो, असं ती कधी म्हणाली होती का? की मी तिच्या शब्दांना शब्द जोडून हे आता तयार केलं? मला आठवेना. मी आठवायला लागलो की तिचा आवाज यायचा नाही, माझाच यायचा.

रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का म्हनली असती तर मी घेतलं असतं. समजलं नसतं तरी घेतलं असतं. तुमी म्हनताय अण्णा. तुमास्नीच ठावं न्हाय."

"नाही," मी म्हणालो.

"मंग मोडू या."

"मला मोडायचं नाही," मी म्हणालो. माझा आवाज मोठा झाला. दारातल्या बायका गप्प झाल्या. मी हळू म्हणालो, "तिचा शब्द आहे तो. बाकी सगळं तिचं थांबलंय. हे एक चालू आहे."

"म्हनूनच मोडायचं," रंभाबाई म्हणाली. "गेलेल्याचा शब्द अडकवून ठिवू न्हाय. तिकडं तिचा पाय निगत न्हाय आन् हितं तुमचा. मलाबी झोप येत न्हाय परत. माग गेला म्हनून न्हाय येत असं न्हाय. अक्काचं मी कायतरी धरून बसलीय असं वाटतंय." ती खाली माझ्यासमोर बसली. "आमचं ठरल्यालं. एकीनं मोडलं तर मोडत न्हाय. दोघींनी मोडायचं, आपापलं नाव घिऊन. मी म्हनती माझं. तुमी अक्काचं म्हना."

"माझ्यानं कसं म्हणता येईल?"

"मंग कोन म्हननार?" ती म्हणाली. "तिचं दुसरं कोन हाय?"

रामहरी खाटेवरून म्हणाला, "अण्णांना दम खाऊ दे की गं जरा." ती म्हणाली, "दम खाऊन काय व्हनार?" आणि हात जोडून, सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेला तोंड करून, जसं काही रोजचं काम असावं तसं म्हणाली, "मी रंभाबाई रामहरी. माझ्या बाजूनं मोडलं." आणि हात खाली घेऊन माझ्याकडं बघू लागली.

मी हात जोडले. मी तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. आमच्यात कुणीच मारायचं नाही. अगं म्हणायचो, ऐकतीस का म्हणायचो, कधी नुसतं खाकरायचो आणि ती यायची. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा लाजून पुटपुटलो होतो, ते तिलाही ऐकू गेलं नव्हतं, तिनंच नंतर सांगितलं. दवाखान्यात कागदावर लिहिलं, दगडावर कोरून घेतलं, पण तोंडानं नाही. तोंडात ते नाव कसं बसतं हेच मला माहीत नव्हतं. मी एकदा ओठ हलवले आणि थांबलो. रंभाबाई घाई करत नव्हती. रामहरी तोंडावर पंचा धरून खोकला दाबत होता.

"ईरम्मा," मी म्हणालो.

मोठ्यानं आलं. एवढ्या मोठ्यानं येईल असं वाटलं नव्हतं. पुढचा शब्द एकच होता, मोडलं, आणि तो मला येत होता. पण माणसाचं नाव घेतलं की ते ओ देतं. मी ओ यायची वाट बघत हात जोडून बसलो, आणि रंभाबाईही माझ्याबरोबर बसून राहिली.